परमुलखातला वकील : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतली मुले आज घरापासून दूर नोकरी करतात. कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, कोणी आखाती देशांत. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन आया भेटल्या की बोलणे त्याच विषयावर येते. पोरगा काय खातो, किती वाजता उठतो, तिथली माणसे कशी आहेत, परत कधी येणार. या रविवारी आम्ही अशाच एका दूरदेशी नोकरीला गेलेल्या मुलाची हकीकत सांगणार आहोत. फरक इतकाच की त्याचा परदेश म्हणजे आपलाच मुलूख. आणि त्याच्या नोकरीचा एक परिणाम असा झाला की आपले जालना जवळजवळ दीडशे वर्षे निजामाच्या राज्यात राहिले.

त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. (मुंबईच्या लोकलचे एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ज्याचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, ते मात्र यांच्या नावाचे नव्हते. ते यांच्या पुतण्याच्या नावाचे होते, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. ही गल्लत पुष्कळ जण करतात, आम्हीही करत होतो.) गव्हर्नर म्हणून त्यांच्याविषयी शाळेत थोडेफार शिकवले जाते. पण गव्हर्नर होण्यापूर्वी अठरा वर्षे त्यांनी जे काम केले ते वकिलाचे. कोर्टातला वकील नव्हे. पूर्वी एका राज्याचा जो माणूस दुसऱ्या राज्याच्या दरबारी राहून बोलणी करी, पत्रे लिही, बातम्या कळवी, त्याला आपल्याकडे वकीलच म्हणत. इंग्रज त्याला रेसिडेंट म्हणत.

६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमध्ये एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील एडिंबरोच्या किल्ल्याचे गव्हर्नर होते. त्या किल्ल्यात फ्रेंच युद्धकैदी ठेवलेले असत. हा मुलगा त्यांच्यात जाऊन बसे, त्यांच्याकडून राज्यक्रांतीची गाणी शिके आणि त्यांच्यासारखे केस वाढवून किल्ल्यात ती गात हिंडे. किल्लेदाराच्या पोराने शत्रूची गाणी म्हणावीत, हे तिथल्या अधिकाऱ्यांना कसे वाटत असेल ते आपण समजू शकतो. अभ्यासात फार चमक नव्हती. काका ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी होते. त्यांच्या वशिल्याने कंपनीत जागा मिळाली आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आतच मुलगा जहाजात बसला. प्रवासाला अर्ध्या वर्षाहून अधिक काळ लागला. १७९६ च्या फेब्रुवारीत तो कलकत्त्याला उतरला. पुन्हा मायदेश पाहायला त्याला १८२९ साल उजाडले. म्हणजे तेहतीस वर्षे. मध्ये एकदाही घरी जाणे झाले नाही.

पहिली नेमणूक बनारसजवळ. तिथे १४ जानेवारी १७९९ रोजी अयोध्येचा पदच्युत नवाब वजीर अली याने कंपनीच्या वकिलाला, चेरी नावाच्या साहेबाला, त्याच्याच घरी न्याहारीच्या वेळी ठार केले. तरुण एल्फिन्स्टन घोड्यावर बसून कसेबसे निसटले. वकिलाच्या नोकरीची ही त्यांना मिळालेली पहिली ओळख. तरी दोनच वर्षांनी त्यांनी तीच नोकरी पत्करली. पुण्याच्या रेसिडेंटचे मदतनीस म्हणून नेमणूक झाली.

आज कलकत्त्याहून पुण्याला विमान दोन-अडीच तासांत येते. एल्फिन्स्टन आणि त्यांचे मित्र एडवर्ड स्ट्रेची १८०१ च्या आरंभी निघाले ते पूर्व किनाऱ्याने मद्रास, मग म्हैसूर, हैदराबाद असे फिरत पुण्याला पोहोचायला जवळजवळ वर्ष लागले. बरोबर आठ हत्ती, अकरा उंट, घोडे, बैल आणि दीडशेच्या वर नोकर. दोन तरुण कारकुनांसाठी एवढा लवाजमा! कंपनीचे नोकर कसे राहत याची यावरून कल्पना येते. पण या दोघांनी वाटेत वेळ वाया घालवला नाही. मुक्कामाला फारसी कवी वाचायचे, ग्रीक आणि लॅटिन वाचायचे, वाटेतल्या गावांची, राजवाड्यांची, दरबारांची टिपणे लिहायची. रोज लिहायची ही सवय एल्फिन्स्टन यांनी नंतर आयुष्यभर पाळली. त्यामुळेच त्यांचा दिवस कसा जाई हे आज इतक्या तपशिलाने सांगता येते.

पुण्यात ते नीट स्थिरावतात न स्थिरावतात तोच ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले. बाजीराव पेशवे पळून वसईला गेले आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, त्यांनी तिथे इंग्रजांशी तह केला. आपल्या ख्रिस्ती समाजात वसईचे नाव घराघरात आहे. त्याच वसईच्या तहाने मराठी राज्याच्या गळ्यात फास पडला. शिंदे आणि नागपूरचे भोसले यांना तो तह मान्य होणे शक्यच नव्हते. १८०३ च्या पावसाळ्यात युद्ध सुरू झाले.

इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर राजकीय काम पाहायला जॉन माल्कम होते. ते आजारी पडले. त्यांच्या जागी ऑगस्टमध्ये एल्फिन्स्टन गेले. काम असे : फारसी पत्रे वाचायची आणि लिहायची, दोन्ही बाजूंच्या वकिलांची बोलणी दुभाष्या म्हणून चालवायची, आणि हरकाऱ्यांची व्यवस्था पाहायची. हरकारे म्हणजे बातमी आणणारे जासूद. शत्रू कुठे आहे, किती आहे, कोणत्या वाटेने निघाला, हे सगळे त्या अनवाणी माणसांच्या पायांवर अवलंबून असे.

त्या मोहिमेतील थंडीच्या दिवसांतला आपला एक दिवस त्यांनी मित्राला पत्रात कळवला आहे. तो आम्हाला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहाटे साडेचारला कूच करण्याचा इशारा होई. तंबूच्या मेखा उपटण्याचा आवाज आला की हे उठत. अंगावर कपडे चढवीपर्यंत डोक्यावरचा तंबू खाली उतरत असे. मग अंधारातच सेनापतीच्या तंबूपाशी जाऊन चहाचा पेला घ्यायचा. उजाडेपर्यंत सगळे अधिकारी तिथे गप्पा मारीत उभे. थंडी कडाक्याची, अंगात जाड कोट. तंबूसमोर मांडलेल्या टेबलावर न्याहारी, आणि साडेसहाच्या सुमारास घोड्यावर. वेलस्लीला सैन्याच्या ज्या बाजूने धूळ उडते त्याच बाजूने चालायची सवय होती, म्हणून त्याच्या शेजारी फार वेळ कोणी टिकत नसे. दहा ते बाराच्या दरम्यान मुक्काम. खुर्च्या आल्या असतील तर खुर्चीवर, नाहीतर जमिनीवर पडून राहायचे. सेनापतीही सतरंजीवर आडवा होई. मग तळलेले मटण आणि सागुतीचे भरपेट जेवण. दुपारी आपल्या तंबूत हरकाऱ्यांचे काम, रोजनिशी, पत्रे, भाषांतर आणि वाचन. वाचन कोणते, तर कायद्यावरचा एक जाडजूड ग्रंथ आणि लिसिअस नावाच्या प्राचीन ग्रीक वक्त्याची भाषणे. दोन-तीन वाजता थोडा पाव आणि पाणी घातलेल्या मद्याचे दोन पेले. अंधार पडताना दाढी, छावणीत फेरी, मग सर्वांबरोबर रात्रीचे जेवण, आणि नऊ-दहाला झोप.

आपल्या मराठवाड्याच्या माळावर, मेखा ठोकून उभ्या केलेल्या तंबूत, एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा ग्रीक वाचत बसला आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की आम्हाला त्याचे कौतुकही वाटते आणि थोडा रागही येतो. कारण त्याच तंबूत तो आपल्या प्रदेशाची बातमी गोळा करीत होता.

आता जालन्याची गोष्ट. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूरला भेट झाली. होय, आपले बदनापूर, जिथून आपण छत्रपती संभाजीनगरची बस धरतो. तिथे ठरले की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळे जायचे आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूला शत्रूला गाठायचे. पण २३ तारखेलाच वेलस्लीला कळले की शिंदे-भोसल्यांची फौज अगदी जवळ, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबात, असईपाशी आहे. तो स्टीव्हन्सनसाठी थांबला नाही.

शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे दहा हजार, शिकवलेले, तोफा शंभराच्या आसपास, आणि वर मोठे घोडदळ. वेलस्लीजवळ लढाईत उतरवायला साडेचार हजारांच्या आसपास माणसे. वाटाड्ये सांगत होते की पुढे केळणा नदीला उतार नाही. नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसत होती. वेलस्लीने ताडले की इतकी जवळजवळची गावे एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा तिथे उतार असणारच. आणि तो होता. खेड्यातली सुन माहेरच्या वाटेने, गुराखी गुरे घेऊन रोज जिथून जातात, त्या वाटेने फौज पार झाली. आमच्या मते त्या दिवसाचा निकाल या उताराने लावला.

लढाई तीनेक तास चालली. सेनापतीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. एल्फिन्स्टन त्याच्या बरोबरीने घोड्यावर होते. पुढे विलायतेत या लढाईचे गोडवे गायले गेले, पण आकडे पाहिले तर अंगावर काटा येतो. कंपनीकडचे दीड हजारांहून अधिक मृत आणि जखमी, म्हणजे तीन माणसांमागे एक. त्यांत पुष्कळ मद्रासकडचे शिपाई होते. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या आणि गोलंदाज तोफांजवळच पडले. त्या गोलंदाजांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. जखमींना पुढे अजिंठ्याला नेऊन तिथे इस्पितळ केले. वेलस्लीला स्वतःला पुढे वॉटर्लूनंतरही असईच मोठी वाटे.

पुढे २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. गाविलगडाच्या खिंडारातून आत शिरलेल्या तुकडीबरोबर एल्फिन्स्टनही गेले. वकिलाला असे करण्याचे काहीच कारण नव्हते. वेलस्लीने त्यांना सांगितले की तुमचा धंदा चुकला, तुम्ही शिपाईच व्हायला हवे होते. त्यांना ही स्तुती जन्मभर आवडत राहिली. आम्हाला विचाराल तर ती तारुण्याची हौस होती.

मग आले तहाचे टेबल. १७ डिसेंबरला देवगाव येथे भोसल्यांशी आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. शिंद्यांकडून विठ्ठलपंत आले होते. वयस्कर, चेहऱ्यावर कधी काही न दाखवणारा मुत्सद्दी. इंग्रजांनी त्यांना पत्त्यांच्या एका खेळावरून टोपणनावच ठेवले होते. अनेक वर्षांनी पॅरिसमध्ये वेलस्लीला कोणी विचारले की फ्रान्सचा तालेराँ हा जगप्रसिद्ध मुत्सद्दी कसा आहे, तेव्हा तो म्हणाला की आपल्या त्या म्हाताऱ्यासारखाच, पण तितका हुशार नाही. आपल्या माणसाला मिळालेले हे प्रशस्तिपत्र मराठी शाळांत सांगितले जात नाही याची आम्हाला खंत वाटते. मात्र हुशारीने गेलेल्या तोफा परत येत नाहीत. अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा, या तहाने शिंद्यांच्या हातून गेला आणि इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाला मिळाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपले पणजोबा, खापरपणजोबा निजामाची प्रजा होते ते या कागदामुळे. असईला रक्त सांडले हे सगळ्यांना ठाऊक असते, पण आपले भवितव्य ठरले ते तीन महिन्यांनी, शाईने. आणि त्या बोलण्यांच्या कामात वेलस्लीच्या हाताशी हा तरुण होता.

बक्षीस म्हणून चोविसाव्या वर्षी त्यांना नागपूरचे रेसिडेंट नेमण्यात आले. नागपूरला त्यांनी चार वर्षे काढली. ज्या रघुजी भोसल्यांचा कटक आणि वऱ्हाडचा मुलूख नुकताच काढून घेतला, त्यांच्याच दरबारात जाऊन गोड बोलायचे, अत्तर-पान घ्यायचे, आणि घरी येऊन त्यांच्या हालचाली कलकत्त्याला कळवायच्या. हे काम सोपे नव्हते आणि, खरे बोलायचे तर, सरळही नव्हते. पहाटे घोड्यावर रपेट, भाल्याने रानडुकराची शिकार, दिवसा दफ्तर, रात्री पुन्हा ग्रीक. मदतनीस जेंकिन्स यांच्याबरोबर ते होमर वाचीत. एकटेपणा फार होता. रोजनिशीत उदासपणाचे दिवस वारंवार येतात. आपण आळशी आहोत, आपले काही होणार नाही, असे स्वतःलाच बोल लावणे सुरू असे. दूर राहणाऱ्या ज्या मुलांना रात्री असे वाटते त्यांना यात आपली ओळख पटेल. लग्न त्यांनी शेवटपर्यंत केले नाही.

१८०८ मध्ये त्यांना काबूलच्या बादशहाकडे पाठवले. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल अशी भीती होती. १३ ऑक्टोबरला दिल्लीहून निघालेला हा तांडा बिकानेरच्या वाळवंटातून गेला. पाणी आणि सामानासाठी सुमारे सहाशे उंट. कूच रात्रीचे, थंडीत वाळूत पाय रोवत. बिकानेरला पोहोचेपर्यंत लोक इतके खंगले होते की तिथल्या पहिल्या आठवड्यात तांड्यातली चाळीसेक माणसे दगावली. आणि त्याच वाळवंटात कोरड्या वाळूत कलिंगडे पिकलेली पाहून साहेब थक्क झाले. निसर्गाची ही करणी पुढे त्यांनी आवर्जून लिहिली.

वाटेत त्यांच्याविषयी काय काय कंड्या पिकत! हे लोक पेटाऱ्यांत तोफा भरून नेतात, मेलेल्यांना उठवतात. मुलतानला यांनी लाकडाचा मेंढा केला, त्यात जीव घातला आणि तो विकला. घेणाऱ्याने कापून खायला सुरुवात केली तेव्हा कुठे तो लाकडाचा असल्याचे कळले म्हणे. एल्फिन्स्टन यांनी या गोष्टी रागावून नव्हे, हसत लिहून ठेवल्या आहेत.

२५ फेब्रुवारी १८०९ रोजी ते पेशावरला पोहोचले. बादशहा शाह शुजा तिथेच होता. काबूल त्यांना कधी दिसलेच नाही. दरबारात दुरून पाहताना वाटले की बादशहाने जडावाचे चिलखत घातले आहे. जवळून कळले की हिरव्या अंगरख्यावर सोन्याची आणि रत्नांची फुले आहेत, आणि दंडावरच्या कड्यात कोहिनूर. नजराण्यातल्या वस्तूंपैकी पिस्तुलांची जोडी आणि वाद्याची पेटी बादशहाला फार आवडली. शिवाय साहेबांच्या पायांतले रेशमी मोजे. ते आपल्यालाही हवेत असा निरोप आला. नजराणा ताब्यात घेणाऱ्यांनी तर हत्तींबरोबर माहूतही भेटीदाखल आले आहेत असे धरून त्यांनाही ठेवून घ्यायला पाहिले.

तह झाला, पण काही आठवड्यांतच शाह शुजाने सिंहासन गमावले आणि तो कागद निरुपयोगी ठरला. राहिले ते पुस्तक. पेशावरच्या चार महिन्यांत भेटेल त्याला प्रश्न विचारून त्यांनी अफगाण लोकांविषयी जे जमवले त्याचा ग्रंथ १८१५ मध्ये लंडनला निघाला. १८३९ मध्ये इंग्रज फौजेने शाह शुजाला पुन्हा गादीवर बसवले तेव्हा निवृत्त एल्फिन्स्टन यांनी आधीच कळवले होते की काबूल घेता येईल, पण त्या गरीब, थंड आणि मानी लोकांच्या देशात त्याला टिकवणे अशक्य आहे. ऐकले नाही. १८४२ च्या जानेवारीत ती सगळी फौज बर्फात नष्ट झाली. तिचा सेनापती त्यांचाच चुलत भाऊ होता.

१८११ मध्ये ते पुण्याचे रेसिडेंट म्हणून कलकत्त्याहून जहाजाने निघाले. जहाजावर हेन्री मार्टिन हे इंग्रज धर्मोपदेशक होते, ज्यांनी नवा करार उर्दू आणि फारसीत आणला. दोघांच्या वृत्ती अगदी वेगळ्या. एकाला श्रद्धेचा ध्यास, दुसरा धर्माविषयी अबोल. तरी प्रवासात दोघांची चांगली मैत्री जमली. जहाज गोव्याला थांबले तेव्हा मार्टिन जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअर यांच्या कबरीपाशी जाऊन आले. ते प्रॉटेस्टंट होते, म्हणून आम्ही ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. पुढच्याच वर्षी परदेशातच, तोकात या तुर्की गावी, त्यांना मरण आले.

पुण्याला मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी होती. तिथे सात वर्षे गेली. पहाटेची लांब रपेट, न्याहारी, मग दुपारपर्यंत दफ्तर : वकील, कारकून, बातमीपत्रे. दुपारचे खाणे अगदी थोडे, दोन-चार सँडविच, अंजीर आणि पाणी. थोडी झोप. संध्याकाळी पुन्हा घोडा आणि वाचन. पुस्तकांचा संग्रह मोठा होत गेला. पेशव्यांच्या दरबारी जाणे-येणे होते, पण विश्वास कोणाचाच कोणावर नव्हता. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. इंग्रजांच्या हमीवर आलेला वकील, देवळातून परतताना मारला गेला. एल्फिन्स्टन यांना बनारसची सकाळ आठवली नसेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यांवर ठपका ठेवला, त्यांना मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. १८१६ मध्ये ते तिथून पळाले, आणि पुढे काय होणार हे स्पष्ट झाले.

१८१७ च्या ऑक्टोबरात पुण्याभोवती पेशव्यांची फौज जमत होती. आधी आपणच हल्ला करावा असे त्यांना सुचवले गेले. पण पहिला घाव आपल्याकडून झाला असे होऊ नये म्हणून ते रेसिडेन्सीतच राहिले, मुंबईहून येणाऱ्या गोऱ्या पलटणीची वाट पाहत. यात शहाणपण किती आणि डावपेच किती, हे वाचकांनी ठरवावे. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्या दुपारी ते नदी ओलांडून फौजेत गेले, आणि मागे रेसिडेन्सी पेटवण्यात आली. वीस वर्षांची पुस्तके, हस्तलिखिते, पत्रे, रोजनिश्या जळाल्या. अंगावरच्या कपड्यांशिवाय त्यांच्याजवळ काही उरले नाही. लढाई मात्र ते जिंकले, आणि बारा दिवसांनी पुणे. शहर लुटले जाऊ नये यासाठी त्यांनी कडक बंदोबस्त केला. दुसऱ्या वर्षी पेशवाई संपली. ज्या दरबारात ते पाहुणे होते तो दरबारच राहिला नाही, आणि पाहुणा मालक झाला.

पुढची गव्हर्नरपदाची कहाणी (१८१९ ते १८२७) पुष्कळांनी लिहिली आहे, तेव्हा आम्ही थोडक्यात आटोपतो. साताऱ्याच्या छत्रपतींना गादी, पुण्यात विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा, मुंबईत मराठी-गुजराती पाठ्यपुस्तकांची छपाई. एकदा त्यांच्या तंबूत मराठी छापील पुस्तकांचा ढीग पाहून एका अधिकाऱ्याने विचारले की ही कशाला? लोकांना शिकवायला, ते म्हणाले, आणि हाच आपला घरी परत जाण्याचा हमरस्ता आहे. सरकारी शाळांत मिशनरी शिक्षणाची सांगड घालायला ते तयार नव्हते. लोकांना वाटेल की शाळा म्हणजे धर्म बदलण्याचा सापळा, आणि मग ते शिकायलाच येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्या काळच्या मिशनऱ्यांना हे रुचले नाही. आज मराठवाड्यात आपल्या मिशन शाळांत सर्व धर्मांची मुले निर्धास्त शिकतात ते पाहता, त्यांच्या सावधपणात तथ्य होते असे आम्हाला वाटते.

नोव्हेंबर १८२७ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. लोकांनी वर्गणी जमवून त्यांच्या नावाने प्राध्यापकांची सोय केली, त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. इजिप्त, ग्रीस, इटली पाहत ते १८२९ मध्ये विलायतेला पोहोचले. ज्या ग्रीकांची पुस्तके नागपूरला वाचली त्यांचा देश त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर डोळ्यांनी पाहिला. दोनदा गव्हर्नर जनरलचे पद देऊ केले गेले, दोनदा त्यांनी प्रकृतीच्या कारणाने नाकारले. १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. शेवटची वर्षे सरे परगण्यातील हूकवूड या घरी, पुस्तकांत आणि थोड्या मित्रांत गेली. २० नोव्हेंबर १८५९ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आमच्यापैकी काही जण मागे असईला जाऊन आले. जालन्याहून भोकरदनमार्गे जावे. गावकरी लढाईची जागा दाखवतात. केळणेच्या काठी उभे राहिले की समोरचे गाव खरोखरच हाकेच्या अंतरावर दिसते. ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर जावे, काळ्या मातीत गाड्या रुततात.